तांजेरच्या पाहुण्याने पाहिलेले दौलताबाद

विलायतेस जाऊन आलेल्या आपल्या मंडळींनी तिकडच्या रीतिभातींविषयी लिहिलेले लेख घरोघर आवडीने वाचले जातात. ते लोक जेवावयास कसे बसतात, सोयरिकी कशा जुळवितात, स्नान किती दिवसांनी करितात, हे वाचताना माजघरात हशा पिकतो. परंतु एखाद्या परक्या गृहस्थाने आपल्याच स्वयंपाकघराकडे तितक्याच कुतूहलाने पाहिले असेल तर? असा एक पाहुणा सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरपासून अवघ्या काही कोसांवरील दौलताबादेस येऊन गेला आणि त्याने पाहिलेले लिहवून ठेविले. त्याचे नाव इब्न बतूता.

हा मोरोक्को देशातील तांजेर शहरचा. जन्म १३०४ सालचा. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १३२५ साली, मक्केच्या यात्रेस म्हणून घराबाहेर पडला, तो चोवीस वर्षांनी परतला. १३३३ साली तो सिंधु नदीवर पोहोचला. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा महंमद तुघलख होता आणि या सुलतानास परदेशी माणसांचे भारी वेड. इब्न बतूतास त्याने दिल्लीचा काझी नेमिले व सालीना बारा हजार दिनारांचा तनखा दिला. गंमत अशी की, काझीसाहेबांस येथील भाषा येत नव्हती आणि त्यांचा न्यायपंथही येथील मुसलमानांहून निराळा होता. सुलतानाने यावर तोड काढिली ती दोन मदतनीस देण्याची! बाराशे नव्हे, बारा हजारांचा धनी असूनही या गृहस्थाने पंचावन्न हजारांचे कर्ज करून ठेविले आणि तेही सुलतानाकडून फेडून घेतले. परमुलखात मोठ्या पगारावर गेलेल्या माणसाचा हात कसा सैल सुटतो, याचे हे जुने उदाहरण होय.

पण त्या पगाराची दुसरी बाजूही होती. सुलतानाने एका शेखास देहदंड दिला आणि त्या शेखाच्या भेटीस गेलेल्यांत इब्न बतूताही होता. त्याच्यावर पहारा बसला. पाच दिवस त्याने उपास धरून कुराणपठण केले. सुटका झाल्यावर सर्व चीजवस्तू वाटून टाकून तो काही महिने एका साधुपुरुषाच्या सेवेत राहिला. जो धनी मोहरांची रास ओततो तोच मान उतरवितो, आणि स्वदेशाची वाट त्याच्याच परवानगीने मोकळी व्हावयाची, ही त्या काळच्या परदेशी नोकराची खरी अडचण. अखेर चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्याने तो आनंदाने पत्करिला असल्यास नवल नाही. १३४२ च्या जुलैत तो निघाला. बरोबरच्या नजराण्यात शंभर घोडे होते आणि शंभर दासही होते. दोहोंची नोंद तो एकाच सुरात करितो. त्याच्या डोळ्यांस हे खटकले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा रस्ता. दुतर्फा झाडी, कोसाकोसात डाकेच्या चौक्या, लागेल ती वस्तू वाटेवर मिळावयाची. जणू चाळीस दिवस बाजारातूनच चालावे, असे तो म्हणतो. हाच तो रस्ता, ज्यावरून १३२७ नंतर दिल्लीकरांस बिऱ्हाडे उचलून दक्षिणेस यावे लागले होते. पाहुण्याने सावली पाहिली. त्या सावलीतून आलेल्यांचे हाल त्याला दिल्लीत ऐकावयास मिळाले होते.

दौलताबादचे तीन भाग तो सांगतो: सुलतानाच्या फौजेची वस्ती, कटक नावाची पेठ आणि उंच कड्यावरील देवगिरीचा किल्ला. माथ्यावर चामड्याच्या शिडीने चढावयाचे आणि रात्री ती वर ओढून घ्यावयाची. ज्यांनी तो तासलेला कडा, खंदक आणि अंधारी पाहिली आहे, त्यांस हे अशक्य वाटणार नाही. किल्ल्यावर मोठमोठ्या अपराध्यांस खड्ड्यांत कोंडीत. तेथील उंदीर मांजराहूनही मोठे, मांजरेच त्यांस भितात, असे तो लिहितो! खत्ताब नावाच्या अफगाण सरदाराने त्यास स्वतःची हकीकत सांगितली. रात्री उंदीर अंगावर येत आणि हा त्यांच्याशी झुंजे. शेजारच्या खड्ड्यातील कैद्याची बोटे व डोळे उंदरांनी खाल्ले, तो मेला, तेव्हा कोठे सुलतानाने खत्ताबास बाहेर काढविले. उंदरांच्या आकारात अतिशयोक्ती असेल, पण खड्डे खोटे नव्हेत.

शहरातील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, याचे त्यास कौतुक वाटले. जवाहिऱ्यांची श्रीमंती त्याने पाहिली. त्यांस 'साह' म्हणतात, हेही टिपले. गाणारणींची एक देखणी पेठ होती. दुकानादुकानांत सजविलेले झोपाळे, आणि दर गुरुवारी मधल्या घुमटीत त्या पेठेच्या मुख्यापुढे गाणे. अवघ्या पाऊणशतकापूर्वी याच नगरात यादवांचा हेमाद्री पंडित 'चतुर्वर्गचिंतामणी'त व्रते व दाने यांचा पसारा मांडीत होता, हे आठवले म्हणजे मन क्षणभर थबकते.

आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढील मुक्काम, नंदुरबारचा. येथे मराठ्यांची वस्ती, ते कारागिरीत निपुण, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, असे सांगून तो थेट ब्राह्मणांच्या व क्षत्रियांच्या पानाकडे वळतो. भात, भाज्या आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहार. जीवहिंसा त्यांस नको. मद्य ते पीत नाहीत. भुईमूग आणि मिरची अद्याप अमेरिकेतून यावयाची होती, तेव्हा त्या पानातील फोडणी आजच्या सुनांस ओळखू आली नसती. जेवणापूर्वी हे लोक स्नान करितात, तेही आपल्याकडे अशुद्धी गेल्यावर करितात तसे, असे तो म्हणतो. सोवळे हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. म्हणून त्याने आपल्या घरचे माप लावले. आणि ते माप फारसे चुकलेही नाही!

विवाहाविषयी तो सांगतो की, सात पिढ्यांच्या आत हे लोक नात्यात लग्न करीत नाहीत. शास्त्रातील सापिंड्य ते हेच. पण देशावर मामाची मुलगी करण्याचा प्रघात अनेक घरांत आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मग इब्न बतूतास हे सांगितले कोणी? आमचा तर्क असा की, कोणा शास्त्रीबोवांनी त्यास पोथीतले सांगितले, घरातले नव्हे. पाहुण्यास आपण आजही असेच सांगतो.

पुढे कालिकतास समुद्राने नजराण्याची जहाजे गिळली. फिरत फिरत तो मायदेशी पोहोचला आणि सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला वृत्तांत इब्न जुझय्य या लेखकास सांगितला. तो १३५५ साली पुरा झाला. फेज शहरच्या दरबारात मात्र लोक या हिंदुस्थानच्या गोष्टी थापा म्हणून कुजबुजू लागले. थोर इतिहासकार इब्न खल्दून लिहितो की, त्यालाही शंका आली व त्याने ती वजिरास बोलून दाखविली. वजिराने उत्तरादाखल एका मुलाची गोष्ट सांगितली. त्या मुलाचा बाप कैदेत पडलेला, मुलगा तुरुंगातच वाढला, आणि उंदरांवाचून दुसरा प्राणी त्याने पाहिलेला नव्हता. एके दिवशी बाप त्यास मेंढीचे वर्णन करून सांगू लागला. मुलाने सारे ऐकून घेतले आणि विचारिले, "म्हणजे उंदरासारखीच ना?"