ठोका, डीझेल एंजिनातील

मालमोटारीच्या डीझेल एंजिनातून नियमित अंतराने येणारा आघातासारखा आवाज. तो इंधनाच्या सदोष ज्वलनामुळे किंवा झिजलेल्या यांत्रिक भागांमुळे उद्भवतो. या दोहोंत भेद करणे हाच निदानातील मुख्य प्रश्न होय. कारण पहिल्या प्रकारात गाडी बहुधा जपून दुरुस्तीच्या ठिकाणी नेता येते, तर दुसऱ्यात संयोगदांडा तुटून सारे एंजिन निकामी होण्याचा धोका असतो.

डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडल्यानंतर ते पेटेपर्यंत अत्यल्प काळ जातो. यास ज्वलन-विलंब म्हणतात. हा विलंब वाढल्यास साचलेले इंधन एकदम पेटते, दाब झपाट्याने चढतो व कडक ठोका ऐकू येतो. थंड एंजिन, गळके नॉझल, फवारा वेळेपूर्वी सुटणे आणि कमी सीटेन अंकाचे इंधन ही त्याची कारणे होत. भारतात डीझेलचा सीटेन अंक किमान ५१ असावा लागतो.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग रावेतशेजारच्या किवळे येथे संपतो. भरल्या वजनाने बोरघाट चढून पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आलेली मालमोटार येथे थांबली, म्हणजे एंजिन पुरते तापलेले व वंगण पातळ झालेले असते. धारवा झिजलेला असल्यास तो याच वेळी उघड होतो. संथ गतीवर तेलदाब पडलेला असून वेग देताच खोल, बोथट ठोका वाढत असेल, तर संयोगदांड्याच्या किंवा भुजादंडाच्या धारव्याचा संशय घ्यावा व एंजिन तत्काळ बंद करावे. उलट थंडपणी येणारा व तापल्यावर विरणारा आवाज बहुधा सिलिंडरात सैल झालेल्या दट्ट्याचा असतो. वरच्या झाकणाखालील हलकी टकटक झडपांच्या वाढलेल्या फटीची असू शकते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ठोकळ्यावर व मूठ कानाशी धरून मिस्त्री आवाजाची जागा शोधतात ती रीत साधी, पण उपयुक्त आहे.

जुन्या पद्धतीच्या पंपाच्या एंजिनांत एकेका नॉझलच्या नळीचा नट सैल करून त्या सिलिंडरचे इंधन तोडतात. आवाज मंदावल्यास दोष त्याच सिलिंडरात आहे असे समजते. तथापि इंधन तोडताच झिजलेल्या धारव्यावरील भारही घटतो व त्याचाही ठोका मंदावतो. म्हणजे या चाचणीने जागा कळते, कारण नव्हे. चांगले नॉझल बदलूनही ठोका तसाच राहतो तो यामुळेच. कारणाचा निर्णय तेलदाब मोजून आणि काढलेल्या वंगणात व गाळणीत धातूचे कण पाहून करावा लागतो.

भारत स्टेज ६ (२०२०) मानकाच्या कॉमन रेल एंजिनांत मात्र नळी कधीही सैल करू नये. त्यांतील इंधनाचा दाब वातावरणीय दाबाच्या दीड हजार पटींहून अधिक असू शकतो आणि त्याची बारीक चिळकांडी कातडी भेदून शरीरात शिरते. अशा एंजिनांत निदान-यंत्र जोडून एकेक नॉझल इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने बंद करतात.