होडीला फायबर चालतं, मग स्लॅबला का नाही?



मासळी उतरवायचा ओटा आणि शेजारी बर्फाची खोली बांधायची चर्चा सुरू झाली, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय. लोखंडी सरिया घालायचा की ती नवी फायबरची सळई? विकणारा म्हणतो, गंजत नाही, हलकी आहे, आणि १२ एमएमच्या जागी १० एमएम घाला, पैसे वाचतील. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीपाशी जरा थांबा.

फायबरची होडी ज्या काचेच्या धाग्याची आणि रेझिनची, त्याच जातीचं हे सामान. म्हणून गंज नाही. १२ एमएमची १२ मीटर लोखंडी सळई साडेदहा किलोच्या वर भरते, फायबरची तीन किलोच्या आत. चार सळया एकटा माणूस खांद्यावर नेईल.

गंजाचं एवढं भय का? लोखंड गंजलं की फुगतं, आणि आतून काँक्रीट फोडतं. आधी भेग, मग पोपडे, मग सळई उघडी. खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० साली झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. नंतर कित्येक वर्षं लोक फेरीबोटीने ये-जा करत होते. कॅनडात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिकडे पुलांच्या स्लॅबमध्ये फायबरची सळई घालू लागले.

पण आपलं पाणी नर्मदेचं, गोडं. ओट्याला चांगलं काँक्रीट आणि सळईवर पुरेसं कव्हर मिळालं तर लोखंड वर्षानुवर्षं टिकतं. आपल्याकडे घात होतो तो बहुतेक कव्हर ब्लॉक न लावल्याने, सळई थेट सेंट्रिंगवर टेकवल्याने. त्याला फायबर हे औषध नाही. खरा धोका बर्फाच्या खोलीत आहे. बर्फात आपण मीठ घालतो, सुक्या मासळीचं मीठही तिथेच सांडतं, आणि ते पाणी रोज फरशीत मुरतं.

आता ती तिसरी गोष्ट. फायबरची सळई ओढून तोडायला लोखंडापेक्षा जास्त जोर लागतो, हे खरं. पण ताठपणा साधारण चौथा हिस्साच. म्हणजे तेवढ्याच वजनाखाली स्लॅब जास्त लवतो, भेगा रुंद पडतात. त्यात सळई आणखी बारीक केली तर काय होईल, सांगायला नको. शिवाय लोखंड तुटण्याआधी वाकतं, इशारा देतं. फायबर एकदम तुटतं. म्हणून त्याचा हिशोब इंजिनिअरने वेगळा करावा लागतो, लोखंडाच्या नकाशावर नुसती अदलाबदल चालत नाही. आगीच्या उष्णतेने रेझिन मऊ पडतं, तेव्हा चुलीवरच्या किंवा भट्टीवरच्या छताला तर घालूच नका.

कामावरच्या लोकांनाही सांगून ठेवा. ही सळई जागेवर वाकत नाही, रिंगा आणि कोपरे कारखान्यातूनच मागवावे लागतात. वेल्डिंग नाही. कापायची तर ग्राइंडरने, तोंडाला फडकं नाही, चांगला मास्क लावून, ती काचेची धूळ आहे. उन्हात महिनोन्महिने उघडी ठेवू नका. आणि घट्ट बांधा, कारण व्हायब्रेटर फिरला की हलकी सळई ओल्या मालात वर येते. (आपल्या गवंड्यांना हे पटायला वेळ लागेल!)

भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सळईसाठी आयएस १८२५६ हे मानक काढलंय. माल त्याप्रमाणे आहे का, आणि त्याच लॉटचा टेस्ट रिपोर्ट कुठे आहे, हे आधी विचारा.

माझं मत असं: ओटा लोखंडाचा, कव्हर नीट ठेवून. बर्फखोलीची जमिनीवर टेकलेली फरशी फायबरची, कारण तिथे लवण्याचा प्रश्न फारसा नाही, मिठाचा आहे. पण इंजिनिअरची सही असेल तरच. दोन्हीचे दर वेगवेगळ्या दुकानांतून आणा आणि पुढच्या बैठकीत समोर ठेवा. पैसा सगळ्यांच्या भागाचा आहे.

— सचिव