गाडी बसकी, स्प्रिंगा भावंडाच्या

गाडी थोडी खाली घ्यायची, तर बाजारू स्प्रिंगांऐवजी त्याच घराण्यातल्या स्पोर्टी गाडीच्या मूळ स्प्रिंगा बसवणे हा संयमी मार्ग आहे.

फरक किती? सातव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये साध्या गाडीपेक्षा ‘जीटीआय’ १५ मिमी, तर ‘आर’ २० मिमी खाली बसते. आकडे लहान, पण वळणावरची पकड आणि रोजचा आराम दोन्ही सांभाळून ठरवलेले.

कापू नका : वेटोळे कापले की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते आणि टोक बैठकीत नीट बसत नाही.

वजन जुळवा : स्प्रिंग इंजिनाच्या आणि बॉडीच्या वजनानुसार निवडलेली असते. जड डिझेल इंजिनासाठीची स्प्रिंग हलक्या पेट्रोल गाडीत घातली, तर पुढचा भाग अपेक्षेइतका खाली येत नाही. पार्ट नंबर आणि रंगखुणा ताडून घ्या.

मागचे चाक पाहा : कमी ताकदीच्या गोल्फमध्ये मागे टॉर्शन बीम असतो, जीटीआयमध्ये मल्टिलिंक. म्हणून पुढच्या स्प्रिंगा जुळल्या तरी मागच्याही जुळतील, असे धरून चालू नका.

सोबत करा : शॉकअप थकले असतील तर बदला. नंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन तपासा.

कागदपत्रे : जर्मनीत अशा बदलाची अधिकृत तपासणी करून घ्यावी लागते. भाग कंपनीचा आहे, एवढ्यावर भागत नाही.