पायांची सेवा आणि एक लहानसे साधन

पवित्र गुरुवारी सायंकाळी धर्मगुरू कमरेला टॉवेल गुंडाळून ग्रामस्थांचे पाय धुतात, हा विधी आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेला आहे. वेदीपुढे बाकावर बसलेले ते वृद्ध गृहस्थ, संकोचाने पुढे केलेले त्यांचे पाय, तांब्यातून पडणारी पाण्याची धार, हे सारे पाहताना आपले मन भरून येते. परंतु त्याच रात्री घरी परतल्यावर आपल्याच आईच्या किंवा सासूबाईंच्या पायांकडे आपले लक्ष जाते काय, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारीत आहोत. कारण आज ज्या विषयावर आम्ही लिहावयाचे योजिले आहे तो वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. पायांत घातलेला एक घट्ट मोजा संध्याकाळी कसा काढावा, एवढाच तो विषय. तथापि या एका गोष्टीवाचून कित्येकांच्या पायांवरील व्रण पुन्हा पुन्हा उघडे पडतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या परिचयाच्या एक वृद्ध शिक्षिका आहेत. सारा गाव त्यांना ‘बाई’ म्हणूनच ओळखतो. तीस-पस्तीस वर्षे त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांवरील शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या होत्या, आणि डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूस त्वचा काळवंडून तेथे रुपयाएवढा व्रण झाला होता. डॉक्टरांनी कित्येक आठवडे पट्ट्या बांधून तो व्रण भरून आणिला आणि पुढे रोज वापरण्यासाठी दाब देणारे मोजे लिहून दिले. काही महिन्यांनी आम्ही बाईंच्या घरी गेलो, तेव्हा पाहतो तो व्रण पुन्हा उघडलेला! मोजे कोठे आहेत, असे विचारता त्यांनी ट्रंकेकडे बोट दाखविले. “घालावयास सकाळी सूनबाई असते,” त्या म्हणाल्या. “पण ती रात्रपाळीला जाते. मग संध्याकाळी ते काढावयाचे कोणी? एकदा माझी मीच ओढावयास गेले, तर नख लागून कातडी निघाली आणि खुर्चीवरून खाली कोसळता कोसळता वाचले. तेव्हापासून नकोच म्हटले ते!”

या उत्तरात आळस नव्हता, हट्टही नव्हता. जो मोजा आपणास काढता येत नाही तो सकाळी घालण्याची भीती वाटणे हे अगदी स्वाभाविक होय.

हे मोजे इतके घट्ट का असतात, हे समजून घेतल्यावाचून त्यांचा उपयोग ध्यानी यावयाचा नाही. हृदयाने पायांकडे धाडलेले रक्त परत वर चढावयाचे, तर त्यास पृथ्वीच्या ओढीविरुद्ध चढावे लागते. त्यासाठी परमेश्वराने दोन योजना केल्या आहेत. एक म्हणजे पोटरीचा स्नायू. चालताना तो आवळला जातो आणि शिरांतील रक्त वर ढकलतो. दुसरी योजना म्हणजे शिरांतील लहान लहान झडपा. त्या वर गेलेले रक्त खाली येऊ देत नाहीत. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिशियस यांनी १६०३ साली या झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यांचेच विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत जगापुढे मांडताना याच झडपांचा आधार घेतला. निश्चल उभे असताना घोट्यापाशी शिरांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरांइतका असतो. निरोगी मनुष्य चालू लागला की तो ३० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो. परंतु झडपा निकामी झाल्या म्हणजे चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. मग शिरा फुगतात, पाय सुजतात, घोट्याभोवतीची त्वचा काळी व नाजूक होते, आणि एखाद्या साध्या ओरखड्याचाही न भरणारा व्रण होतो. शिक्षक, परिचारिका, स्वयंपाकी, शिंपी, दुकानदार इत्यादी तासन्‌तास उभे राहणाऱ्या किंवा एका जागी बसून राहणाऱ्या लोकांस, तसेच अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांस हा त्रास विशेष होतो.

बाहेरून बेताचा दाब दिला तर हा त्रास आटोक्यात राहतो, हे ज्ञान जुने आहे. सतराव्या शतकात इंग्लंडचे राजे दुसरे चार्ल्स यांचे शल्यवैद्य रिचर्ड वाइजमन अशा रोग्यांस नाडीने आवळावयाचे चामडी मोजे देत. हल्लीच्या मोज्यांची मूळ कल्पना मात्र कॉनराड जोब्स्ट नामक जर्मनीत जन्मलेल्या अभियंत्याची. ते अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो शहरी राहत आणि स्वतःच पायांच्या या विकाराने पीडित होते. पोहण्याच्या तलावात उभे राहिले म्हणजे आपल्या पायांस आराम पडतो, असे त्यांच्या ध्यानी आले. पाण्याचा दाब खाली अधिक आणि वर वर कमी असतो, हेच त्याचे कारण, असे त्यांनी ताडले आणि १९५० च्या सुमारास घोट्याशी सर्वांत घट्ट व वर क्रमाने सैल होत जाणारा मोजा तयार केला. आज डॉक्टर जे मोजे लिहून देतात त्यांचे तत्त्व हेच आहे. पुष्कळ रोग्यांस घोट्याशी पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटर दाबाचे मोजे देतात, आणि काहींस ३० ते ४० चे लागतात.

येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. हे मोजे शेजारणीचे पाहून किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. ज्यांच्या पायांच्या धमन्याच अरुंद झालेल्या आहेत, त्यांस बाहेरचा दाब घातक ठरून पायास रक्तच न मिळण्याचा धोका असतो. मधुमेही, धूम्रपान करणारे आणि हृदयविकाराचे रोगी यांनी तर घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाची तुलना करून घेतल्यावाचून मोजे घालूच नयेत. मापही सकाळी, सूज चढण्यापूर्वी घ्यावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट, आणि पायाचा सर्वांत रुंद भाग, म्हणजे टाच, त्याच्याच खाली. त्यामुळे तो उतरविताना नेमका टाचेपाशी अडतो. सांधेदुखीने बोटे वाकलेली, कंबर लवत नाही, दृष्टी मंद, आणि म्हातारपणी त्वचा तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. अशा वेळी खाली वाकून जोराने ओढणे म्हणजे जखमेस किंवा पडण्यास आमंत्रणच होय. कित्येक जण कंटाळून तो मोजा रात्रंदिवस तसाच ठेवतात. त्याने घडीच्या जागी त्वचेला खोल वळ पडतात आणि आत काय चालले आहे हे कोणास कळतही नाही. दुसरे कित्येक जण बाईंप्रमाणे मोजेच ट्रंकेत टाकतात.

या अडचणीवर एक साधे, हातात धरावयाचे साधन मिळते, हे आम्हांस जवळच्या दवाखान्यातील एका सिस्टरांनी दाखविले. एक लांब दांडा, आणि त्याच्या टोकाशी पोटरीच्या गोलाईस जुळेल असे रुंद, गुळगुळीत, किंचित वळविलेले प्लास्टिकचे पाते, एवढेच त्याचे स्वरूप. आमच्या घरच्या मंडळींनी पाहताक्षणीच त्यास ‘मोज्याची पळी’ असे नाव देऊन टाकिले! दांडा लांब असल्यामुळे पाठ वाकवावी लागत नाही. पाते रुंद असल्यामुळे जोर एका बिंदूवर न पडता वाटला जातो, आणि नखांचा त्वचेशी संबंधच येत नाही. तो वापरण्याची रीत सिस्टरांनी आम्हांस अशी सांगितली:

प्रथम पाठीची, हातांची आणि न सरकणारी खुर्ची घेऊन मागे नीट टेकून बसावे. पलंगाच्या कडेवर बसू नये. पाय जमिनीवर किंवा बुटक्या पाटावर टेकवून सैल सोडावा. मग मोज्याचा वरचा काठ किंचित सैल करून पाते हलकेच मोज्याच्या आत, त्वचा व कापड यांच्यामध्ये सरकवावे. पाते सपाट बसले आहे, त्याची कड त्वचेत रुतत नाही, हे पाहावे. त्यानंतर दांडा सावकाश खाली दाबीत न्यावा, म्हणजे मोज्याचा काठ पोटरीवरून खाली उतरू लागतो. एकाच बाजूने अडला तर बळ न करता पाते दुसऱ्या बाजूस घालून तेथून थोडे उतरवावे. टाचेपाशी आल्यावर पाते मागील बाजूस घ्यावे, टाच जरा उचलावी आणि काठ टाचेवरून पलीकडे ढकलावा. टाच सुटली की काम झालेच. उरलेला भाग पात्यानेच पुढे सारून बोटांवरून निघून येतो.

या कामी दोन गोष्टींचे पथ्य पाळावे. मोज्याची गुंडाळी करून तो अर्ध्यावर कधीही थांबवू नये, कारण कापडाचे अनेक पदर एके जागी आले म्हणजे तेथे दोरी आवळल्यासारखा दाब पडतो. दुसरे असे की, त्वचेवर उघडा व्रण किंवा पट्टी असेल तर परिचारिकेस विचारल्यावाचून हे साधन आत घालू नये. पात्याच्या कडेवर चरे पडले असतील तर ते टाकून द्यावे. कोणी घरच्या घरी काठी, उलथणे किंवा लोखंडी पट्टी वापरण्याचा विचार करील, त्यांस आमचे सांगणे आहे की, असा प्रयोग म्हाताऱ्या माणसाच्या पायावर करू नये. बूट चढविण्याची लांब दांड्याची गुळगुळीत पट्टी टाच सोडविण्यापुरती उपयोगी पडते. तसेच भांडी घासताना घालतात तसले रबरी हातमोजे घालून तळव्यांनी मोजा थोडा थोडा खाली सारला तर पकड चांगली बसते आणि नखेही लागत नाहीत. ज्यांचे हात अजून चालतात त्यांस तेवढेही पुरेसे होते.

मोजा सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज चढण्याआधी घालावा आणि रात्री निजताना काढावा, असे डॉक्टर सहसा सांगतात. मलम किंवा तेल रात्री मोजा काढल्यावर लावावे. सकाळी लावले तर मोजा चढत नाही. त्याच वेळी दिव्याच्या उजेडात बोटांच्या मधली जागा, टाच आणि घोटे पाहून घ्यावेत. मोजे सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवावेत. ताण कमी होत जातो, म्हणून साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी ते बदलावे लागतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, मोजा घातला असता बोटे थंड, निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या अथवा वेदना वाढल्या, तर तो तत्क्षणी काढावयास हवा. एकच पाय अकस्मात सुजून पोटरी दुखू लागली किंवा दम लागू लागला, तर वेळ न दवडता डॉक्टरांस गाठावे. मग ज्या म्हाताऱ्या बाईस तो मोजा स्वतः काढताच येत नाही, तिने अशा प्रसंगी काय करावे? म्हणूनच आम्ही म्हणतो की, मोजा लिहून घेताना तो काढावयाचा कसा हेही डॉक्टरांस किंवा परिचारिकेस त्याच वेळी विचारावे आणि त्यांच्यासमोर एकदा करून दाखवावे.

पायांच्या रोग्यांचे आश्रयदाते संत पेरेग्रिन यांचे चरित्र आमच्या काही वाचकांस ठाऊक असेल. इटलीतील फोर्ली गावचे हे सर्वाइट संघाचे व्रतस्थ. प्रायश्चित्त म्हणून, आवश्यक नसेल तेव्हा बसावयाचे नाही, असा नेम त्यांनी तीस वर्षे पाळला, अशी परंपरा सांगते. पुढे त्यांच्या पायास भयंकर व्रण झाला. पाय कापावयाचा ठरला, त्याच्या आदल्या रात्री ते क्रूसासमोर प्रार्थना करीत बसले, आणि सकाळी व्रण नाहीसा झालेला आढळला. १३४५ साली ते निवर्तले व १७२६ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी त्यांस संतपद दिले. त्यांची मध्यस्थी आपण अवश्य मागावी. पण देवाने दिलेली बुद्धी आणि डॉक्टरांनी दिलेला उपाय ट्रंकेत टाकून ती मागू नये.

बाईंच्या सूनबाईंनी तशी एक पळी मागविली. पहिले चार दिवस त्या स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. “आई, घाई करू नका, पाय सैल सोडा,” एवढेच सांगत, पण हात लावीत नसत. पाचव्या दिवशी त्या निर्धास्त मनाने कामावर गेल्या. व्रण पुन्हा भरून येण्यास पट्ट्या बांधून तीन महिने लागले, आणि तेव्हापासून मोजे रोज घातले जातात. परवा आम्ही गेलो तेव्हा ती पळी देव्हाऱ्याखालच्या खिळ्यावर माळेशेजारी टांगलेली होती. “संध्याकाळची प्रार्थना झाली की हीच पाळी,” बाई हसून म्हणाल्या. “आता कोणाची वाट पाहावी लागत नाही.”

आमच्या गावोगावच्या घरांतून आज तरुण मंडळी पोटापाण्यासाठी दूर देशी गेलेली आहेत आणि वृद्ध आईबाप मागे राहिले आहेत. ती मंडळी नाताळास घरी येताना चॉकलेटे व चादरी आणतात. ती आणावीत. परंतु येण्यापूर्वी एकदा आईला दूरध्वनीवर विचारावे, “आई, तुझे मोजे तुला काढता येतात ना?” उत्तर ‘नाही’ असे आले, तर काय आणावयाचे ते आता आमच्या वाचकांस ठाऊक झाले आहे. आणि जी मुले घरीच आहेत, त्यांनी पवित्र गुरुवारची वाट न पाहता आज संध्याकाळीच आईच्या पायांशी क्षणभर बसावे.