तारणहाराला कोणी तारले?

विद्यार्थी मित्रांनो, शूर वीरांच्या गोष्टी तुम्हांला नक्कीच आवडत असतील. जुलमी राजाला हरवणारा, दुबळ्यांची सुटका करणारा वीर प्रत्येक देशाच्या कथांमध्ये भेटतो. उर्दूत आपण ज्याला नजातदहिंदा म्हणतो, त्याला मराठीत 'तारणहार' असा सुंदर शब्द आहे. तारणे म्हणजे बुडणाऱ्याला पार नेणे, वाचवणे.

या कथा वाचताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? पुढे इतरांना तारणारा हा वीर लहानपणी स्वतःच मोठ्या संकटात असतो. त्याला चालता येत नाही, बोलता येत नाही आणि कोणीतरी त्याच्या जिवावर उठलेले असते. मग त्याला कोण वाचवते? हा प्रश्न मनात ठेवून आपण काही कथा पाहू या.

हजरत मूसा अलैहिस्सलाम यांचा वृत्तांत तुम्हांला परिचयाचा आहे. पवित्र कुरआनात सूरह ताहा आणि सूरह कसस यांत तो आला आहे. मिसर देशाचा राजा फिरऔन बनी इस्राईलच्या मुलग्यांना ठार मारत असे. अल्लाहने मूसांच्या आईच्या मनात घातले, की बाळाला पेटीत ठेवून पाण्यात सोडावे आणि भिऊ नये. आईने तसे केले. बहीण दुरून पेटीवर नजर ठेवून होती. पेटी फिरऔनच्याच माणसांच्या हाती लागली, पण त्याच्या पत्नीने बाळाला मारू दिले नाही. मुस्लिम परंपरेत तिला हजरत आसिया म्हणतात. बाळ कोणत्याही दाईचे दूध घेईना, तेव्हा बहिणीने धीर करून एक घर सुचवले. अशा रीतीने बाळ आपल्याच आईच्या कुशीत परत आले.

बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकातही हा वृत्तांत आहे. तेथे बाळाला वाचवणारी स्त्री फिरऔनची मुलगी आहे. त्यात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणीही आहेत. जन्मलेले मुलगे मारून टाका, असा राजाचा हुकूम त्यांना होता. त्यांनी तो पाळला नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. महाराष्ट्रात दर पावसाळ्यात दहीहंडी फुटते. तो उत्सव श्रीकृष्णाच्या जन्माशी जोडलेला आहे. देवकीचा आठवा मुलगा आपला वध करणार, हे मथुरेच्या कंस राजाला कळले होते. म्हणून त्याने देवकी आणि वसुदेव यांना बंदिवासात ठेवले व त्यांची मुले मारली. कृष्णाचा जन्म होताच वसुदेवाने त्याला त्याच रात्री यमुनेपार गोकुळात नेले. तेथे नंद आणि यशोदा या गवळ्यांच्या घरी तो वाढला.

महाभारतातील कर्णाच्या मागे कोणी जुलमी राजा लागलेला नव्हता. लोक काय म्हणतील, ही कुंतीची भीती होती. लग्नापूर्वी झालेल्या बाळाला तिने पेटीत ठेवून नदीत सोडले. अधिरथ हा रथ हाकणारा सारथी आणि त्याची पत्नी राधा यांनी त्याला मुलगा मानले. म्हणूनच कर्णाला राधेय म्हणतात. राजघराण्याने टाकलेल्या बाळाला एका सारथ्याच्या पत्नीचे नाव मिळाले.

अशीच एक कथा आजच्या इराकमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर कोरलेली आहे. सुमारे ४३०० वर्षांपूर्वी तेथे अक्कडचा सार्गोन हा बलाढ्य राजा होऊन गेला. पाट्या त्याच्यानंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या आहेत. त्यांतील कथेनुसार आईने त्याला लव्हाळ्याच्या टोपलीत ठेवले, डांबराने टोपलीच्या फटी बुजवल्या आणि ती फरात नदीत सोडली. अक्की नावाच्या पाणक्याने पाणी काढताना टोपली उचलली, बाळाला वाढवले आणि माळीकाम शिकवले.

इराणच्या फिरदौसी या महाकवीने इ. स. १०१० च्या सुमारास 'शाहनामा' पूर्ण केला. त्यात जह्हाक नावाचा क्रूर राजा आहे. त्याच्या खांद्यांवर दोन साप उगवले होते. त्यांना खाऊ घालण्यासाठी रोज दोन तरुणांचा बळी जाई. फरीदून नावाचा बालक पुढे आपला नाश करील, असे जह्हाकला स्वप्नातून कळले. फरीदूनची आई फरानक बाळाला घेऊन रानोमाळ फिरली. तिने त्याला कधी गाईच्या दुधावर, तर कधी डोंगरातल्या साधूपाशी वाढवले.

याच कथेत दोन भली माणसे राजाच्या स्वयंपाकघरात आचारी होऊन शिरतात. ती रोज दोघांपैकी एका तरुणाला गुपचूप सोडून देतात आणि त्याच्या जागी मेंढीचा मेंदू वापरतात. महिन्याला तीस जीव वाचतात. शेवटी कावा नावाचा लोहार आपले चामडे भाल्यावर लावून त्याचा झेंडा करतो आणि लोकांना घेऊन फरीदूनकडे जातो. त्यानंतरच फरीदून जह्हाकवर चालून जातो.

आधुनिक काळातही ही कल्पना मागे पडलेली नाही. १९३८ साली अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शस्टर या तरुणांची 'सुपरमॅन' ही चित्रकथा प्रसिद्ध झाली. त्याचा ग्रह नष्ट होत असताना आईवडील त्याला लहानशा यानात बसवून पृथ्वीकडे पाठवतात. पेटीच्या जागी यान आले आणि नदीच्या जागी आकाश. पुढे एक साधे दांपत्य त्याला वाढवते. १९९७ साली इंग्लंडच्या जे. के. रोलिंग यांचे 'हॅरी पॉटर'चे पहिले पुस्तक निघाले. त्यातही दुष्ट जादूगार एका बाळाला मारायला येतो. आई मध्ये उभी राहते, स्वतःचा प्राण देते आणि बाळ वाचते.

या कथा एकमेकींसारख्या का वाटतात? ऑटो रँक यांनी १९०९ साली आणि जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली यावर पुस्तके लिहिली. अभ्यासक मुख्यतः दोन कारणे सांगतात. पहिले कारण असे, की गोष्टी प्रवास करतात. व्यापारी, खलाशी आणि भाषांतरकार त्यांना देशोदेशी नेतात. आपले 'पंचतंत्र' इराणमार्गे अरबीत जाऊन 'कलीला व दिम्ना' झाले, हे तुम्ही ऐकले असेल. दुसरे कारण असे, की माणसाचे जीवन सगळीकडे बरेचसे सारखे आहे. नदीकाठी वस्ती होते, सत्ता जाण्याची भीती राजाला वाटते आणि बाळासाठी आईचा जीव तुटतो. त्यामुळे दूरदूरच्या लोकांनाही सारख्या कथा सुचू शकतात.

पण मित्रांनो, सारखे म्हणजे एकच नव्हे. धर्मग्रंथातील वृत्तांत श्रद्धावंतांसाठी केवळ गोष्ट नसतो. मुस्लिम हजरत मूसांना अल्लाहचे पैगंबर मानतात. हिंदू श्रीकृष्णाला विष्णूचा अवतार मानतात. सुपरमॅन ही तर उघड उघड कल्पना आहे. या सर्वांना एकाच तराजूत तोलणे योग्य नाही. मात्र शेजाऱ्याची कथा आदराने ऐकली, तर तिच्यातील आईचे दुःख आणि माणसांचे धाडस आपल्याला सहज समजते.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तारणहाराला कोणी तारले? श्रद्धावंत म्हणतील, ईश्वराने. ते खरेच, पण ईश्वराची इच्छा या कथांमध्ये कोणाच्या हातून पूर्ण होते, ते पाहा. आई, बहीण, सुईण, गवळी, सारथी, पाणक्या, आचारी आणि लोहार! यांतील बहुतेकांजवळ ना सैन्य होते, ना खजिना. हे बाळ पुढे कोण होणार, हेही अनेकांना माहीत नव्हते. समोर एक जीव धोक्यात आहे, एवढेच त्यांना दिसले आणि तेवढे त्यांना पुरले.

संकटाच्या वेळी लोक म्हणतात, "कोणीतरी येईल आणि सर्व ठीक करील." अशी आशा धरण्यात वाईट काही नाही. परंतु सगळेच वाट पाहत बसले, तर पेटी वाहून जाईल आणि तिच्यातले बाळही. वर्गात एखाद्या दुबळ्या मुलाला सगळे मिळून छळत असतील, तर त्याच्या शेजारी जाऊन बसायला अंगात फार मोठे बळ लागत नाही. पाण्यातून पेटी ओढायला दोन हात पुरतात. असे दोन हात तुमच्याजवळही आहेत.