ओव्हरक्लॉकिंग करायचंय? आधी कूलरचं बोला!

नवा पीसी जुळवायचा ठरला की बजेटची वही आणि यूट्यूब एकदमच उघडतात. घरून मिळणारे पैसे, स्टायपेंडमधून साठवलेले थोडे, जुना मोबाइल विकून आलेले थोडे अशी बेरीज सुरू होते. तेवढ्यात ग्रुपवर कोणीतरी सांगतं, 'स्वस्तातला प्रोसेसर घे आणि ओव्हरक्लॉक कर. महागड्याला मागे टाकेल!' ऐकायला भारी वाटतं. त्यातलं निम्मं खरंही आहे. पण उरलेलं निम्मं माहीत नसेल तर तुमचे दोन-तीन हजार रुपये नुसते तापून जातील. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी हे वाचाच.

हे वेड आलं कुठून?

प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार. एक मूळ क्लॉक असतं आणि एक गुणक, म्हणजे मल्टिप्लायर. आजच्या रायझनमध्ये मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतं. गुणक ४४ ठेवला की ४.४ गिगाहर्ट्झ झाले. यातला एखादा आकडा कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवायचा, याचं नाव ओव्हरक्लॉकिंग.

१९९८मध्ये इंटेलची सेलेरॉन ३००ए ही चिप आली. तिचा गुणक साडेचारवर कुलूपबंद होता. मग लोकांनी मदरबोर्डवर बसचा वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झ केला आणि ३००ची चिप थेट ४५०वर पळू लागली! म्हणजे सरळ दीडपट वेग, तोही कितीतरी महागड्या चिपच्या तोडीचा. 'स्वस्तातला घे आणि पळव' हा सल्ला त्या काळातला आहे.

आता काळ बदललाय. कंपन्याच चिपला 'बूस्ट' देऊन पाठवतात. रायझन ५ ५६०० घ्या. तिचा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ आणि बूस्ट ४.४. तुम्ही खटपट करून ती ४.६वर नेलीत, तर कागदावर वाढ झाली साडेचार टक्के. गेममध्ये ६० फ्रेम्स मिळत असतील तर फार तर ६२-६३ होतील. तेही ग्राफिक्स कार्ड आधीच दमलेलं नसेल तर! तेव्हा दीडपटीचं स्वप्न सोडा. शिकायचंय, मशीन आतून समजून घ्यायचंय आणि थोडा जास्त दम काढायचाय, एवढ्यासाठी करणार असाल तर मात्र जरूर करा.

आधी कुलूप तपासा

सगळे प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाहीत आणि सगळे मदरबोर्ड ते करू देत नाहीत. दोन्हीकडे हिरवा कंदील हवा.

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असेल तरच गुणक मोकळा, आणि बोर्डही 'झेड' मालिकेचा लागतो. कोअर आय५-१२४००एफ ही छान चिप आहे, पण कुलूपबंद. तिच्यातल्या 'एफ'चा अर्थ आत ग्राफिक्स नाही, एवढाच. शिवाय 'के' चिपबरोबर डब्यात कूलर येत नाही आणि झेड बोर्ड महाग पडतो. नवशिक्याचं बजेट इथेच कोलमडतं.

एएमडीच्या जवळपास सगळ्या डेस्कटॉप रायझनचा गुणक मोकळा असतो. मात्र ए३२०, ए५२० किंवा ए६२० बोर्ड घेतलात तर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येणार नाही. बी४५०, बी५५० किंवा बी६५० हवा. दुकानदार 'सेमच आहे, हजार रुपये वाचतील' म्हणत ए५२० पुढे करेल, तेव्हा हे आठवा. बोर्ड निवडताना प्रोसेसरच्या सॉकेटशेजारच्या वीजपुरवठ्याच्या भागावर, म्हणजे व्हीआरएमवर, धातूचं हीटसिंक आहे ना तेही बघा. जास्तीची वीज तिथूनच जाते आणि तो भागही तापतो.

बजेटमधले तीन उमेदवार

*ग्राफिक्स कार्ड असेल किंवा लगेच घेणार असाल तर रायझन ५ ५६००.* सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट आणि डब्यात रेथ स्टेल्थ कूलर. शिकायला सगळ्यात सोयीची. सेकंडहँड बी४५० बोर्ड घेणार असाल तर त्याचं बायोस ५००० मालिकेसाठी अपडेट केलंय का, हे पैसे देण्याआधी चालू करून बघा. नाहीतर घरी आणल्यावर स्क्रीन काळाच राहील.

*कार्ड परवडत नसेल तर रायझन ५ ५६००जी.* हिच्या आतच ग्राफिक्स आहे आणि खरी गंमत तिथेच आहे. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यामुळे रॅमवर जगतं. त्यामुळे १६ जीबीची एक काडी घेण्याऐवजी ८-८च्या दोन घ्या आणि बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करा. प्रोसेसरचा गुणक न हलवताही इथे फरक डोळ्यांना दिसतो.

*पुढे पाच-सहा वर्षांचा विचार असेल तर रायझन ५ ७६००.* हीसुद्धा मोकळी आणि हिच्याही डब्यात कूलर असतो. पण बोर्ड एएम५चा आणि रॅम डीडीआर५ लागते. खर्चाची उडी तिथे आहे.

मे महिन्याचं गणित

आता मुद्द्याची गोष्ट. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात! वेग ५ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के, तर उष्णता साधारण २७ टक्क्यांनी वाढते. कमाई पाच, खर्च सत्तावीस.

दुसरी गोष्ट, कूलर म्हणजे एसी नव्हे. तो चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर किती अंशांवर रोखायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. समजा एखादा कूलर तुमची चिप खोलीपेक्षा ४५ अंश वर रोखतो. परदेशी यूट्यूबरच्या २५ अंशांच्या खोलीत ती ७० दाखवेल. तोच कूलर नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या ४० अंशांच्या हॉस्टेलच्या खोलीत लावला की ८५! ५६००साठी एएमडीने दिलेली कमाल मर्यादा ९० अंश आहे. तिथे पोचली की चिप स्वतःच वेग कमी करते. म्हणजे जानेवारीत केलेलं ओव्हरक्लॉकिंग उन्हाळ्यात उलटं फिरतं.

म्हणून व्हिडिओत नुसतं तापमान बघू नका. खोलीचं तापमान किती होतं ते बघा, दोन्हींतला फरक काढा आणि त्यात तुमच्या गावचा मे मिळवा.

कूलर कुठला?

डब्यातला रेथ स्टेल्थ हा छोटा ॲल्युमिनियमचा कूलर आहे. त्यात उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या नाहीत. साध्या वापराला तो पुरतो, ओव्हरक्लॉकिंगला नाही. नवशिक्याने चार हीटपाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला टॉवर कूलर घ्यावा. डीपकूलचे एजी४०० आणि एके४०० किंवा कूलर मास्टरचा हायपर २१२ या वर्गात मोडतात. सहा कोअरच्या ६५ वॉटच्या चिपला याहून मोठं काही लागत नाही. लिक्विड कूलरचे दिवे इन्स्टाला छान दिसतात, पण या बजेटमध्ये तेच पैसे एसएसडी किंवा चांगल्या पॉवर सप्लायवर लावा.

घेण्यापूर्वी कॅबिनेटमध्ये कूलरला किती उंची मिळते ते मोजा. एके४०० १५५ मिलिमीटर उंच आहे. सडपातळ कॅबिनेटचं झाकण लागणारच नाही. पुढून पूर्ण काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीवालं कधीही बरं, कारण हवा आत आली नाही तर कूलर तरी काय करणार?

बसवताना दोन गोष्टी. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पट्टी काढा. हसू नका, अनेकांची राहते! आणि एएम४वरचा जुना कूलर काढताना सरळ वर ओढू नका. पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नाहीतर चिप कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येते आणि पिना वाकतात.

आता बायोसमध्ये

पहिल्या दिवशी काहीच बदलू नका. सिनेबेंच चालवा, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. मग एक्सएमपी सुरू करून पुन्हा मोजा. त्यानंतर गुणक एकेक पाव पायरीने, म्हणजे २५ मेगाहर्ट्झने वाढवा. प्रत्येक पायरीला अर्धा तास ताण चाचणी. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळेल. ५६००वर हाताने व्होल्टेज देणार असाल तर १.३च्या खालीच राहा. पीसी सुरूच झाला नाही तर घाबरू नका, बोर्डवरच्या 'क्लिअर सीमॉस'ने सगळं मूळ पदावर येतं.

आणि ५००० मालिकेत याहून शहाणा रस्ताही आहे, कर्व्ह ऑप्टिमायझर. यात प्रत्येक कोअरला लागणारं व्होल्टेज थोडं कमी करायचं. चिप कमी तापते, त्यामुळे स्वतःहूनच जास्त वेळ वरच्या वेगावर राहते. आपल्याकडच्या हवेला हाच उपाय जास्त मानवतो.

एक लक्षात ठेवा. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. आणि एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या पळत नाहीत. मित्राची ४.६ला गेली म्हणून तुमची जाईलच असं नाही. ती ४.५ला अडली तर तिथेच थांबा. सेमिस्टरचं प्रोजेक्ट सबमिट करायच्या आठवड्यात तर बायोसला हातच लावू नका.

मग पैसे कशावर?

सरळ हिशेब. कूलर आणि चांगला बोर्ड मिळून जेवढे जास्तीचे पैसे जातायत, तेवढ्यात वरचा प्रोसेसर किंवा वरचं ग्राफिक्स कार्ड येत असेल तर तेच घ्या. येत नसेल तर ५६००, बी५५० आणि साधा टॉवर कूलर ही जोडी जमवा. लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, पक्कं बिल घ्या. ओव्हरक्लॉकिंग नाही जमलं तरी चांगला कूलर वाया जात नाही. पंखा कमी आवाज करतो, आणि रात्री दोनला रेंडर लावून झोपलात तरी रूममेट उशी फेकून मारत नाही.