टाकीचा कल

सकाळी साडेसहा. पौषातली थंडी आणि अकोल्याच्या स्टँडवर मंगरूळपीरकडे निघालेली एसटी. पिशवीत आलेख कागद, दोन पेन्सिली, टेप आणि हातभर लांब शिशाची तार. आठवडाभर शाळेत चित्रकला शिकवतो, रविवार मात्र बार्शीटाकळीचा. अंतर वीसेक किलोमीटर. उन्हं वर यायच्या आत देवळापाशी पोचायचं असतं, म्हणून ही गाडी चुकवत नाही.

सव्वासात. कालिकामातेच्या देवळात पूजा चालली आहे, मी बाहेरच्या भिंतीशी. देऊळ तारकाकृती, म्हणजे भिंत सरळ जात नाही. कोन बाहेर येतो, आत वळतो, पुन्हा बाहेर येतो. अशा भिंतीचा मला मोठा फायदा होतो. सपाट भिंतीला तिरपं ऊन दिवसातून एखाद्याच वेळी मिळतं; इथं मात्र उन्हातल्या कुठल्या ना कुठल्या अंगाला ते चाटून जात असतं. दगडावरचे टाकीचे बारीक घाव दिसतात ते अशाच उन्हात. समोरून ऊन पडलं की सगळं गुळगुळीत आणि मुकं. त्यामुळे माझा दिवस घड्याळावर चालत नाही, भिंतीभोवती फिरत जातो.

आठ ते नऊ. शिशाची तार थरांच्या गोलाईवर हलकेच दाबायची, तिला तो आकार आला की उचलून कागदावर ठेवायची आणि कडेनं पेन्सिल फिरवायची. कणी, म्हणजे धारेसारखा पुढं आलेला थर, मग गोलाई, खाच, पुन्हा कणी. दगड आपला काळा बेसाल्ट, आणि एवढ्या कठीण दगडात धार इतकी नेमकी की तार काढताना बोटाला कड लागते.

इथल्या शिलालेखाचा शक आहे १०९८, म्हणजे इ. स. ११७६. हा आकडा मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. कारण कितीतरी वर्षं मी वर्गात मुलांना सांगत आलो होतो की अशी देवळं हेमाडपंतानं बांधली. हेमाडपंत देवगिरीच्या महादेव आणि रामदेवराव यादवांचा मंत्री; महादेव गादीवर आला १२६० च्या सुमारास. म्हणजे टाकळीचा शिलालेख त्याच्याहून ऐंशीएक वर्षांनी जुना. अंबरनाथच्या देवळावर तर शके ९८२ आहे, इ. स. १०६०. तरी आपल्या जिभेवर शब्द एकच, हेमाडपंती. शैलीला काहीतरी नाव लागतंच, पण मंत्र्याच्या एका नावाखाली दोन-अडीचशे वर्षांचे पाथरवट, लोहार आणि गाडीवान झाकले गेले, हे मला सहन होत नाही. बेलूरच्या देवळात दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांनी मूर्तींखाली आपली नावं कोरून ठेवली आहेत, पुढं मल्लितम्मानंही सोमनाथपूरला तेच केलं. आपल्याकडे असं नाव क्वचितच हाती लागतं. मग उरतात ते टाकीचे घाव.

साडेनऊ. मामा आले. पाथरवट, वय सत्तरीकडे झुकलेलं. सारा जन्म पाटे-वरवंटे आणि जाती घडवण्यात गेला. भिंतीला हात लावण्याआधी त्यांनी हात जोडले, मग एका खाचेत मान तिरपी करून पाहिलं. "गुरुजी, वरून घोटलं हाये, पण खाचीत नाई घोटलं. इथंच पायजा. टाकी वाचाची असन तं कोपऱ्यात वाचा."

बारा. ऊन चढलं. आम्ही आत गेलो. चुना नाही, माती नाही. दगडाच्या अंगातच खाच आणि कुसू, आणि वरचं वजन खालच्याला धरून ठेवतं. मामा बराच वेळ छताकडे पाहत होते.

एक. भाकर, झुणका, ठेचा.

दोन ते चार. मामांच्या अंगणात. देवळाच्या दगडाला टाकी लावायची नाही, म्हणून घडाईचे धडे इथं, त्यांच्याकडच्या पडीक गोट्यावर. आधी भट्टी पेटली. टाकीचं टोक लाल केलं, ठोकून अणी काढली आणि पाण्यात फक्त टोक बुडवलं. मग वरची उष्णता हळूहळू खाली उतरू लागली, घासलेल्या टोकावर रंग चढला: आधी गवती पिवळा, मग तपकिरी. निळा यायच्या आत मामांनी टाकी पुन्हा पाण्यात घातली. "पाणी जास्त कडक झालं तं अणी तुटते, नरम रायलं तं मुडपते. ह्या काळ्या गोट्यावर दर थोड्या वेळानं भात्यापाशी याच लागते."

हे ऐकलं आणि देवळाचं बांधकाम मला वेगळंच दिसायला लागलं. घडणाऱ्यांच्या मागं लोहार दिवसभर भात्याशी बसलेला. त्याला कोळसा, कोळशाला लाकूड, लाकडाला गाडी. टाकळीची एकेक कणी त्या लोहाराचीही आहे.

मग मी हातोडी धरली. तळहाताएवढा भाग सपाट करता करता अर्धा तास गेला आणि मनगट भरून आलं. मामा वाकून माझे घाव पाहू लागले. मी डावखुरा. त्यांचे घाव वर उजवीकडून खाली डावीकडे उतरलेले, माझे बरोबर उलटे.

"तुमचा कल पायजा," मामा म्हणाले. "भितीत कोणी तुमच्यावानी डाव्या हाताचा असन, तं तो दिसन."

"पण मामा, दगड फिरवून घडला असेल तर?"

"उलटा केला तरी कल तोच रायते. आडवा उभा केला तं बदलते. पण एवढा लांब थराचा गोटा कोण उभा करून घडन?"

मी कागदावर दोन रेघा मारून कागद फिरवून पाहिला. खरंच होतं.

पावणेपाच. पुन्हा देवळात. पश्चिमेकडच्या अंगांना आता चाटून जाणारं ऊन मिळालं होतं. तळच्या थरापासून सुरुवात केली. मामा खाचेत पाहत, "उजवा" म्हणत, मी वहीत खूण करी. कुठं घोटून काहीच उरलेलं नाही, कुठं शेंदूर-तेलाचा थर, तिथं फुली. ओटी भरायला आलेल्या दोन बायका थांबल्या, काय शोधता म्हणून विचारलं. मामांनी त्यांना हातवारे करून सांगितलं, तर धाकटी म्हणाली, "माहा पोरगा बी डाव्याच हातानं लिवते." तीही मग आमच्याबरोबर खाचेत डोकावू लागली.

पावणेसहा. तिसऱ्या थराच्या निम्म्यावर आलो आणि ऊन विटलं. एकेक घाव दगडात बुडाला. मी शेवटच्या पाहिलेल्या दगडाचं अंतर कोपऱ्यापासून टेपनं मोजलं आणि वहीत लिहिलं.

"पुढच्या आयतवारी इथूनच धरू," मामा म्हणाले, आणि चपला घालायला वळले.